दक्षिण विभागाचा तुलनात्मक तक्ता

यवतेश्वर हॉकी मंडळ ओळीनं सात सामने हरलं, त्याचं साताऱ्यात कुणालाही काही वाटलं नाही. वाटलं ते एकट्या जोतीराम इंगवल्यांना. ते मंडळाचे चिटणीस होते, आणि चिटणिसाला वाटावंच लागतं. सात सामन्यांत मंडळानं गोल केले चार आणि खाल्ले तेहतीस. चारांतला एक तर पंचाच्या बुटाला लागून आत गेला होता, पण जोतीरामरावांनी वहीत तो इतर तिघांच्याच मानानं लिहिला होता.

साल एकोणीसशे पंच्याहत्तर. मार्चमध्ये क्वालालंपूरला आपल्या लोकांनी विश्वचषक जिंकला आणि सगळा देश हॉकीवर खूश होता. तेव्हा यवतेश्वरचा संघही बरा होता हो! पण ऑगस्टात लष्कराची भरती निघाली, संघ हौसेनं एकत्र धावायला गेला आणि घात झाला. रोज मैदानावर पळणारी पोरं, छात्या भरलेल्या. संघातली आठ एका सकाळी निवडली गेली. गोलकीपर गेला, कप्तान गेला, राखीव खेळाडूसुद्धा गेला. वर त्या आठांचे अर्ज जोतीरामरावांनीच सुवाच्य अक्षरात भरून दिले होते.

मग नवा संघ उभा राहिला. मेढ्याकडचा एक जण आला, तो चेंडू असा मारायचा की ऊस तोडतोय. डावा विंग कबड्डीतून आला होता. त्याला चेंडू मिळाला की तो श्वास रोखून सुसाट पळायचा, आणि गोल चार हातांवर असताना एकदम वळून आपल्या हद्दीत परत यायचा. जोतीरामराव बांधकाम खात्यात हेडक्लार्क. त्यांनी या अवस्थेला नाव दिलं, ‘पुनर्बांधणी’.

नोव्हेंबरच्या सभेत अध्यक्ष भाऊसो घोरपडे यांनी त्या पुनर्बांधणीवर नांगर फिरवला. भाऊसोंचा पंचवीस एकर ऊस आणि मैदानाच्या शेजारी गुऱ्हाळ. माणूस एका घावात बोलणारा.

“चिटणीस, बास करू आता. वर्षाच्या शेवटाला टीम मोडू. मैदानात व्हॉलीबॉलचं जाळं बांधू. मानसं निम्मी लागत्यात, आन् हरली तरी लवकर हरत्यात.”

“अध्यक्ष, पडझड वेगळी आणि पुनर्बांधणी वेगळी,” जोतीरामराव उभे राहून म्हणाले. “आपण उत्तर विभागात तळाला आहोत, मान्य. पण दक्षिण विभागातले तळाचे संघ बघा. सांगलीकडं आपल्याहून वाईट संघ आहेत, आणि ते पुनर्बांधणीत नाहीत. ते नुसतेच वाईट आहेत.”

“तुमी बघितलंय काय त्यास्नी?”

“बघितलं नाही.”

“मग बघा जावा, आन् लिवून आना. अठ्ठावीस डिसेंबरला सभा. तवा सोक्षमोक्ष.”

आता, एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? होतं. कचेरी साडेपाचला सुटते. साडेपाच ते साडेसात मैदान. त्यानंतर गोडोलीतल्या दोन खोल्या. कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, स्टोव्हला पंप मारायचा आणि स्टोव्हच्या आवाजाशेजारी बसून राहायचं. विजयमालाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मैदानाचे दोन तास गेले असते तर ती संध्याकाळ साडेपाचलाच सुरू झाली असती. या एका गोष्टीची जोतीरामरावांना भीती वाटायची, आणि ती सभेच्या इतिवृत्तात लिहिण्यासारखी नव्हती.

त्यांनी आधी रीतसर मार्ग धरला. कृष्णाकाठ हॉकी साखळीच्या मुख्य कचेरीला पत्र घातलं, की दक्षिण विभागाचे निकाल पाठवावेत. पंधरा दिवसांनी उत्तर आलं : ‘आपले पत्र उत्तर विभागातून आले असल्याने पुढील कार्यवाहीसाठी उत्तर विभागाच्या पत्रव्यवहार चिटणीसांकडे पाठविले आहे.’ उत्तर विभागाचे पत्रव्यवहार चिटणीस जोतीराम इंगवलेच होते! दुसऱ्या दिवशी त्यांचंच पत्र त्यांच्याकडे आलं. त्यांनी त्यावर आवक क्रमांक घातला, तीन दिवस ठेवलं, आणि ‘सदर माहिती या विभागाकडे उपलब्ध नाही’ असं स्वतःला कळवलं. नियम म्हणजे नियम.

राहिला एकच उपाय, स्वतः जायचं. खाली राहणाऱ्या घरमालकीण आक्काताईंनी पिशवी बघून विचारलं, “सांगलीला? रविवारी? इस्त्रीचा शर्ट घालून?” आणि पुढचं काही ऐकून न घेता त्यांनी सगळ्या आळीत सांगितलं, की इंगवले दुसरपणाचं स्थळ बघायला निघाले. शेजारच्या नानासो मास्तरांनी जिन्यात गाठून सल्ला दिला, “वयाचं खरं सांगा, पण पगार आधी सांगा.” न्हाव्यानं मिशांना कलप लावून घ्या म्हणून सुचवलं. जोतीरामराव प्रत्येकाला हॉकीचं समजावून सांगत राहिले, आणि जितकं समजावलं तितकी लोकांची खात्री पटत गेली.

तीस नोव्हेंबरला ते पहिल्या एस.टी.नं निघाले. बरोबर एक जाड वही, आखलेली. रकाने असे : नाव, वय, उंची, नोकरीधंदा, स्वभाव, व्यसन, दम किती. पुनर्बांधणीत माणूस आधी मोजायचा असतो, हे त्यांचं मत होतं. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून कंदी पेढ्यांचा पुडाही घेतला.

सांगलीच्या स्टँडवर विचारलं तेव्हा कळलं, दक्षिण विभागाच्या अगदी तळाला होता ‘कृष्णामाई स्पोर्ट्स’. मैदान नदीच्या अंगाला, वाऱ्याबरोबर हळदीचा वास. संघ बघून जोतीरामरावांना भरून आलं. इतका वाईट संघ त्यांनी कल्पनेतसुद्धा उभा केला नव्हता. फुलबॅक दोघं आपसांत बोलत उभे होते आणि चेंडू जवळून गेला की त्याच्याकडे वळून बघत होते. गोलकीपर कृष्णात तेवढा मनापासून खेळत होता. हळदीच्या अडतीत दिवाणजी होता. त्याच्या कानाच्या पाळ्याही पिवळ्या होत्या. त्यानं नऊ गोल खाल्ले आणि प्रत्येक गोलानंतर चेंडू पुसून अदबीनं परत दिला.

जोतीरामरावांनी मध्यंतरात त्याला गाठलं. वय? चोवीस. उंची? पाच फूट आठ इंच. नोकरी? कायम. व्यसन? “चहा पितो.” सगळं वहीत उतरलं. स्वभावाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘शांत, सोशिक’. मागे चार जण उभे राहून वाचत होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. सामना संपल्यावर त्यांनी संघाच्या चिटणिसांना, सोपानराव पाटलांना शोधलं आणि पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला. “पुढच्या रविवारी पुन्हा येतो. फार समाधान वाटलं,” ते म्हणाले. आणि ते खरंच होतं. सोपानराव हे कृष्णातचे वडील होते, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

आता तुम्हीच सांगा. साताऱ्याहून इस्त्रीचा शर्ट घातलेला पन्नाशीचा गृहस्थ येतो. लग्नाच्या वयाच्या मुलाचं वय, उंची, नोकरी, व्यसन लिहून घेतो. जाताना मुलाच्या बापाच्या हातात पेढे ठेवतो. सांगलीच्या माणसांनी काय समजावं?

सात डिसेंबरला सोपानराव एस.टी. स्टँडवरच उभे. “मॅच होईल हो सावकाश. आधी घराकडं चला. मंडळी वाट बघत्यात.” पण जोतीरामराव आधी मॅचच बघायची म्हणाले; तीत कृष्णामाईनं सहा गोल खाल्ले आणि मग सोपानरावांनी त्यांना घरी नेलं. सोपानरावांच्या मंडळी चंद्राबाई ठसठशीत कुंकवाच्या, मोठ्या आवाजाच्या बाई. त्यांनी वाकून पाट ठेवला, ताट मांडलं. वांग्याची भाजी, खर्डा, तव्यावरून ताटात येणारी भाकरी. जोतीरामरावांनी दुसरीनंतर ताटावर हात आडवा धरला, तर बाईंनी हात बाजूला करून तिसरी वाढली.

“लाजू नगासा. परवासात मानूस खंगतंय. मुलगी किती शिकलीया?”

जोतीरामरावांचा घास हातातच राहिला. कुठली मुलगी? मग एकेक गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली : वही, पेढे, स्टँडवर उभे राहिलेले सोपानराव. ‘बाई, मला मुलगी नाही’ एवढं चार शब्दांचं वाक्य. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात चंद्राबाईंनी भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि म्हणाल्या, “निवांत जेवा, मग सांगा. आमाला गडबड न्हाई.”

दोन वर्षांत त्यांना कुणी निवांत जेवा म्हटलं नव्हतं.

“मॅट्रिक,” जोतीरामराव म्हणाले.

झालं! एकदा मॅट्रिक म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप आलं. नाव काय? विजयमाला. तोंडातून दुसरं नाव निघेनाच. स्वभाव? “जरा तापट, पण लगेच निवते.” स्वयंपाक? “आमटी फार चांगली. पुरणपोळी फाटते.” शिवणकाम? “मशीन चालवता येतं, दोरा मात्र मला ओवून द्यावा लागतो.” चंद्राबाई हसल्या. “खरं सांगतासा म्हनून बरं वाटलं बगा. समदी आपल्या लेकीचं नुसतं कवतिकच करत्यात.”

परतीच्या एस.टी.त जोतीरामरावांनी स्वतःला खूप शिव्या घातल्या. सरकारी नोकर, तीस वर्षांत एकही चुकीचा शेरा नाही, आणि एका भाकरीपायी आख्खी मुलगी निर्माण केली! पुढच्या रविवारी जायचं आणि खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी इस्लामपूरला ठरवलं. कराडला पुन्हा ठरवलं. साताऱ्यात उतरताना मात्र आठवलं, की भाजीत कूट जरा जाडसर होतं, विजयमाला करायची तसंच.

चौदा डिसेंबरला ते खरं सांगायला गेले आणि जेवून आले. त्या दिवशी विजयमालेला थंडीत गुळाचा चहा लागतो, पावसात शिंका येतात आणि रागावली की ती भांडी जोरात घासते, एवढं सांगून झालं. तितकं कुणाजवळ बोलायला ते दोन वर्षांत बसलेच नव्हते. चंद्राबाई पापड लाटता लाटता ऐकत होत्या, मधेच “व्हय का? अगं बया!” म्हणत होत्या. तक्त्याचं काम चाललं होतं म्हणा, पण रकान्यांची तब्येत बिघडत होती. ‘दम किती’ या रकान्यात ‘भरीत, कोथिंबीर भरपूर’ असं काहीतरी आलं होतं.

एकवीस डिसेंबरला गाडा दरीत गेला. जेवण झाल्यावर सोपानरावांनी पान पुढं केलं आणि म्हणाले, “आता आमी येतो साताऱ्याला. चार जानेवारीला. कृष्णात, त्याची आई, मी आन् आत्या. पोरगी बघतो, नारळ देतो. माज्या बहिणीला कळवलंय बी.”

कोपऱ्यात बसलेला कृष्णात पिवळ्या कानांपर्यंत लाल झाला. चंद्राबाईंनी आतून नवं लुगडं आणून दाखवलं. पोपटी, जरीच्या काठाचं. “रंग आवडंल का तिला?”

“आवडेल,” जोतीरामराव म्हणाले. विजयमालेला पोपटी खरंच आवडायचा. मग त्यांना तिथं बसवेना. पाणीही न पिता ते स्टँडवर आले.

तोंडानं सांगायचं धाडस संपलं होतं. सोमवारी दुपारच्या सुट्टीत त्यांनी कचेरीतच कागद घेतला. आयुष्यात एकाच तऱ्हेचं पत्र लिहायला शिकलेला माणूस. त्यानं ते तसंच लिहिलं :

‘विषय : मुलगी नसल्याबाबत.

संदर्भ : आपल्या घरची जेवणे, दि. ७, १४ व २१ डिसेंबर.

उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकारास मुलगी नाही. यापूर्वीही नव्हती. आपल्या तोंडी विचारणेवरून पुरविलेली माहिती ही निम्नस्वाक्षरीकाराच्या पत्नीसंबंधी असून सदर व्यक्ती दोन वर्षांपूर्वी मयत झाली आहे. सबब स्थळाचा विचार करू नये. वहीतील नोंदी हॉकीसंबंधी होत्या. झालेल्या प्रकारास निम्नस्वाक्षरीकार एकटा जबाबदार आहे. वांग्याची भाजी उत्तम होती. कळावे.’

पत्र पेटीत पडलं तेव्हा त्यांना हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. मैदानावरही ते त्या आठवड्यात फिरकले नाहीत. रोज संध्याकाळी दार लावून तक्ता पूर्ण करत बसले. चार हात लांब कागद, लाल आणि निळी शाई. डावीकडे यवतेश्वर, उजवीकडे कृष्णामाई. कुठल्याही बाजूनं बघा, कृष्णामाई जास्त वाईट. सांगली तर गेली, निदान मैदान तरी वाचवू, या हिशेबानं त्यांनी तो तक्ता गुंडाळून अठ्ठावीसला काखेत मारला आणि सभेला गेले.

बघतात तर मैदानावर ही गर्दी! भाऊसो गुऱ्हाळाचा रस वाटतायत, पोरं ओरडतायत.

“या चिटणीस! तुमास्नी कळलं न्हाई व्हय? गेल्या रविवारी कोरेगावाला हाणलं की! दोनास एक!”

“हाणलं?” जोतीरामरावांना ऐकू आलं, पण कळलं नाही. “आपण?”

“आपन न्हाई तर कोन? त्यो कबड्डीवाला पळाला, पळाला, आन् ह्या बारीला माघारीच फिरला न्हाई. गोलात चेंडूसकट गेला. लय मज्जा आली गड्या!”

सात सामने जोतीरामरावांनी एकही न चुकवता बघितले होते. उन्हात, चिखलात, एकदा तर ताप अंगात घेऊन. आठवा जिंकला तेव्हा ते सांगलीत विजयमालेला पोपटी रंग आवडतो म्हणून सांगत होते. आणि आठवडाभर कुणी कळवायलासुद्धा आलं नव्हतं.

“मला कुणी सांगितलं नाही,” ते म्हणाले.

“तुमचं सांगलीला जमतंय म्हनं. म्हटलं कशाला तरास द्यायचा? नव्या संसारात मानूस अडाकतंय. म्हनून चिटणीसपद दिलंय धोंडीबाला. कंपौंडर हाय, पोरांची गुडघी बी बांधतो.”

“आणि टीम?”

“टीम ऱ्हातीया की! जिंकाय लागल्याव कोन मोडतंय? व्हॉलीबॉल गेलं खड्ड्यात.”

म्हणजे मैदान वाचलं होतं. ज्यासाठी चार रविवार एस.टी.त हाडं खिळखिळी करून घेतली, ते वाचलं होतं, आणि त्यात त्यांचा काडीचाही हात नव्हता. जोतीरामरावांनी तरीही तक्ता उलगडला. भाऊसोंनी कौतुकानं हात फिरवला, मग कागद उलटा केला. “पाठ कोरी हाय नव्हं? लई झ्याक. धोंडीबा, जानेवारीच्या मॅचा ह्याच्यावर लिव.” धोंडीबानं तिथंच गुडघ्यावर कागद पसरून लिहायला घेतलं. त्याचं अक्षर फार वाईट होतं.

जोतीरामराव थोडा वेळ कडेला उभे राहिले. पोरांनी नमस्कार केला, एकानं रस आणून दिला. सगळे चांगले वागले. चेंडू कुठं आहे, काठ्या कुणाकडं आहेत, पाणी कुणी आणायचं, हे विचारायला मात्र कुणी त्यांच्याकडं आलं नाही. साडेसहालाच ते घरी आले आणि स्टोव्ह न पेटवताच निजले.

बुधवारी सांगलीचं पत्र आलं. आंतरदेशीय, कृष्णातच्या दिवाणजी अक्षरात. जोतीरामराव जिन्यातच उभे राहून वाचू लागले.

‘साष्टांग नमस्कार. आई सांगते तसं लिहितो आहे, राग नसावा. आई म्हणते, तुमी लबाड बोललासा. आमी आत्याला काय सांगायचं? लुगडं घेतलं त्याचं काय करायचं? आई रडली, मग तुमच्या मंडळींसाठी पण रडली, कारण तिला ती बाई आवडली होती. बाबा अजून चिडलेले आहेत. ते म्हणतात, या माणसाला पुन्हा उंबऱ्यात घेणार नाही. आई म्हणते, ते मी बघते. मी स्वतः रागावलेलो नाही. रविवारी आम्ही पाच गोलांनी हरलो.

आई म्हणते, मुलगी न्हाई ते पत्रात कळवलंसा. बरं केलंसा. पन रविवारी जेवायला येणार न्हाई, ते का कळवलं न्हाई? शिव्या द्यायच्या म्हटलं तरी मानूस समोर पायजे. मी चार वाजेपतूर ताट झाकून बसले. अशी रीत असती व्हय?’

जोतीरामरावांनी ते शेवटचं पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. आपण जेवायला येणार नसलो तर कुणाला तरी कळवायचं असतं, हे ते पार विसरून गेले होते. ते तिथंच पायरीवर बसले. चष्मा पुसला, तरी नीट दिसेना.

संध्याकाळी ते खाली उतरले आणि आक्काताईंच्या दारात उभे राहिले. आक्काताई तांदूळ निवडत होत्या.

“आक्काताई, येत्या रविवारी मी नाही. सांगलीला चाललोय. उशीर झाला तर काळजी करू नका.”

आक्काताईंनी सुपातून मान वर केली. “मला कशाला सांगताय?”

“काही नाही,” जोतीरामराव म्हणाले. “सांगून जावं.”